गडग्याला फटी राहू देत

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला बागेचा नकाशा नीट पाहिला. देखणा आहे, पण तो कुठल्याही बंगल्याला चालेल, आणि माझी हरकत तिथेच आहे. मागचे तिन्ही टप्पे जेसीबीने सपाट करायचे, व्हाळाच्या बाजूला काँक्रीटची भिंत उभारायची आणि वर लॉन लावायचं, हे आपल्या राजापूरच्या घराला मानवायचं नाही. ते टप्पे कुणी हौसेने पाडलेले नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तो उतारावरून सुटला की माती घेऊनच व्हाळात उतरतो. त्याला जागोजागी थोपवण्यासाठी आपल्या माणसांनी एवढे चिरे वाहिले.

नकाशात उरलेले चिऱ्यांचे गडगे सिमेंटने सांधायचं लिहिलंय, ते आधी खोड. सुक्या गडग्यातून पाणी झिरपून जातं. सांधे लिंपलेस की ते मागच्या मातीत तुंबतं, दाब वाढतो आणि काही पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं. ढासळलेला भाग जाणत्या माणसाकडून पुन्हा रचून घे, तेवढं पुरे. तुला बागेत पाखरं आणि जीवजंतू हवेत ना? मग त्यांची वस्ती या फटींतच आहे. नेचे तिथे रुजतात, सापसुरळी तिथे शिरते, दयाळ भिंतीतल्या भोकात घरटं करतो. बाजारातली रंगीत लाकडी घरटी टांगायची गरज नाही.

फटी म्हटल्या की फुरसंही आलं. जांभ्याच्या मुलखात ते दगडाखाली, पातेऱ्यात असतंच, आणि विषारी असतं. निसर्गप्रेमाच्या भरात हे विसरून चालणार नाही. यावरची तोड जुन्या माणसांनी काढून ठेवली आहे: घराजवळ सगळं लख्ख आणि लांब जावं तसतसं रान. अंगण सारवलेलं, उघडं. पाखाडी रुंद ठेव, तिच्या दोन्ही कडा साफ ठेव. तिन्हीसांजेनंतर बॅटरी आणि पायात बूट असल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, पाहुण्यांनी तर नाहीच. धामण दिसली तर मात्र कुणाला काठी उचलू देऊ नकोस, उंदीर तीच आवरते.

घराच्या तब्येतीलाही हेच बरं. जोत्यापासून चार-पाच हात वाफा नको, भिंतीवर वेल नको. पागोळीचं पाणी पडतं तिथे दगड बसव आणि ते चराने पहिल्या टप्प्यावर ने. ओल जोत्याशी मुरली की मागून वाळवी आलीच. चिऱ्यांच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर बोटाएवढं असतानाच काढ.

पहिल्या टप्प्यावर लिंबू, कढीलिंब, जास्वंद लाव. न्हाणीच्या पाण्यावरच्या केळी आहेत तिथेच असू देत. त्यांच्या फुलांवर शिंजीर येतात, वेगळं काही करावं लागत नाही. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नकोस, बोटाने हलकेच डिवचून बघ. ती अळी असेल तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढील आणि उग्र वास सोडील. त्यातूनच कदाचित राणी पाकोळी निघेल, २०१५ साली आपल्या राज्याचं फुलपाखरू ठरलेली. चार पानं कुरतडली म्हणून औषध मारलंस, तर मग फुलपाखरांची बाग हे शब्द नकाशावरच राहतील.

मधल्या टप्प्याला फार हात लावू नकोस. रातांबा आहे, सुरंगी आहे, मोकळ्या जागी पावसात तेरडा आपला आपण येईल. विहिरीजवळची दगडी डोणी तेवढी साफ करून भरून ठेव. दर चार दिवसांनी पाणी बदल, म्हणजे डास होणार नाहीत. आणि आत एक तिरपी फळी टाक, पडलेल्या खारीला बाहेर येता आलं पाहिजे.

खालचा टप्पा रानालाच सोड. उंबर तोडू नकोस, करवंदीच्या जाळ्या छाटू नकोस, पातेरा जाळू नकोस. काजव्यांच्या अळ्या त्या ओलसर पातेऱ्यातच गोगलगायी खाऊन वाढतात. मे संपता संपता तिथे काजवे पाहायचे असतील तर नकाशातले ते बारा हॅलोजन रद्द कर. काजवे एकमेकांना उजेडानेच हाका मारतात. पाखाडीला खाली तोंड केलेले दोन मंद दिवे बास झाले.

एवढं सगळं सांगितलं तरी काम आत्ताच सुरू करू नकोस. जूनमध्ये सुट्टी काढून ये. पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घे आणि पागोळीपासून व्हाळापर्यंत पाण्याच्या मागोमाग चालत जा. कुठे तुंबतं, कुठे उडी मारतं, कुठल्या गडग्यातून गढूळ येतं ते कागदावर मांड. त्या नकाशेवाल्यालाही सोबत आण. भिजायला तयार नसेल तर उरलेले पैसे देऊ नकोस.

तुझा
मामा