घरातल्या पावत्यांमधून सहकाराचे धडे



आपल्या गावाकडच्या बहुतेक घरांत भिंतीला एक वाकडी तार अडकवलेली असते. दूध डेअरीच्या पावत्या, खताचे बिल, सोसायटीची नोटीस, सगळे त्या तारेत टोचून ठेवायचे. कपाटात कुठेतरी आईचे बचत गटाचे पासबुक असते. आपण मुलांना शाळेत सरासरी, शेकडेवारी, सरळव्याज शिकवतो. तेच गणित घरात तारेवर लटकत असते, पण तिकडे कुणाचे लक्ष जात नाही.

सहकारी संस्था किंवा छोटा व्यवसाय शिकवायचा म्हटले की आपण पुस्तक, प्रकल्पवही, नाहीतर व्हिडिओ शोधतो. ती साधने वाईट नाहीत. पण माझ्या मते सर्वांत चांगले साधन म्हणजे घरातलीच पावती आणि पासबुक. संस्था सभासदांची असते असे आपण म्हणतो. पण सभासदाला स्वतःची पावतीच वाचता येत नसेल, तर ती संस्था त्याची कशी राहील?

आधी थोडी पार्श्वभूमी

१८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावात २८ जणांनी मिळून एक छोटे दुकान काढले. आधुनिक सहकाराची सुरुवात साधारण तिथून मानतात. आज जगभरच्या सहकारी संस्था जी सात तत्त्वे मानतात, त्यांतले पाचवे तत्त्व शिक्षण आणि प्रशिक्षणाचे आहे. आपल्याकडे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही सभासदांच्या शिक्षणासाठी वेगळे कलम आहे, कलम २४अ. म्हणजे सभासदाला शिकवणे हे संस्थेचे कामच आहे.

याचे जवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातले. माण तालुका दुष्काळी. तिथल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत, शिकायला बसल्या. पुन्हा गेल्या तेव्हा म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नसेल, पण हिशोब येतो. तुम्ही रक्कम सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हा प्रसंग वर्गात जरूर सांगा. व्याज का शिकायचे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष चार पाठ देतो. इयत्ता सातवी ते नववीला चालतात. घरी पालकही घेऊ शकतात.

पाठ १ : दुधाची पावती

पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. मुलांना आधी फक्त वाचायला लावा. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून. फॅट कमी-जास्त झाली की दरपत्रकाप्रमाणे पैसे बदलतात.

मग हे उदाहरण द्या. सकाळी ६ लिटर दूध, फॅट ३.४. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.०. दिवसाची सरासरी फॅट किती? बहुतेक मुले ३.७ म्हणतील. पण सकाळचे दूध जास्त आहे ना? ६ × ३.४ = २०.४ आणि ४ × ४.० = १६. बेरीज ३६.४, भागिले १० लिटर. उत्तर ३.६४. भारित सरासरी इथे पाच मिनिटांत समजते.

शेवटी दहा दिवसांचे बिल घ्या. पशुखाद्य, उचल, शेअर अशी कोणकोणती कपात झाली आहे ती मुलांनी शोधायची. घरी जाऊन विचारायचे, ही कपात कशाची?

पाठ २ : बचत गटाचे कर्ज

समजा, गटातून १०,००० रुपये घेतले. व्याज महिना २ टक्के. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडायचे, दहा महिन्यांत कर्ज संपले. व्याज किती झाले?

पद्धत एक, शिल्लक रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, मग १६०, असे करत शेवटी २०. एकूण १,१०० रुपये.

पद्धत दोन, मूळ रकमेवर व्याज. दर महिन्याला २०० प्रमाणे दहा महिन्यांचे २,००० रुपये.

दर तोच, कर्ज तेच, आणि फरक ९०० रुपयांचा! हे फळ्यावर मांडले की वर्ग एकदम शांत होतो. कर्ज देणारा गट असो, पतसंस्था असो की घरी येणारा फायनान्सवाला, पहिला प्रश्न हाच विचारायचा, व्याज शिल्लक रकमेवर की मूळ रकमेवर? आणि 'महिना २ टक्के' म्हणजे वर्षाला २४ टक्के, हेही मुलांच्या तोंडून येऊ द्या.

पाठ ३ : पापडाची खरी किंमत

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत पापड. हे ऐकून आपल्याकडेही पुष्कळ गट पापड-लोणच्यात उतरतात. मात्र हिशोबात एक गोष्ट हमखास राहते.

मुलांना ही जमा-खर्चाची मांडणी द्या. सामान ६२० रुपये, दळण ३०, पिशव्या आणि लेबल ८०, गाडीभाडे ७०. एकूण ८०० रुपयांत ४० पाकिटे झाली. एक पाकीट २० रुपयांना पडले, विकले २५ ला. नफा २०० रुपये.

आता विचारा, काम कुणी केले? दोन बायकांनी प्रत्येकी आठ तास, म्हणजे १६ तास. २०० भागिले १६, तासाला साडेबारा रुपये. तुमच्या गावात खुरपणीला काय मजुरी आहे ते मुलांना घरी विचारून यायला सांगा. त्यापेक्षा हे कमी पडत असेल तर तो नफा नाही, आपलीच मजुरी आपण कमी धरली आहे. मग चर्चा करा, भाव वाढवावा की खर्च कमी करावा? सामान एकत्र घाऊक आणले तर काय होईल? सहकाराची गरज मुले इथे स्वतःच सांगतात.

पाठ ४ : वर्गातली वार्षिक सभा

वर्गाची एक वही-पेन संस्था काढा. प्रत्येकाचा शेअर दहा रुपयांचा. कुणी पाच शेअर घेतले तरी मत एकच, हा नियम आधी सांगा. 'सर, हे कसं काय?' असा प्रश्न येतोच. मग कंपनी आणि सहकारी संस्था यांतला फरक समजवा. कंपनीत साधारणपणे शेअरप्रमाणे मते, इथे माणूस तितकी मते.

वर्षअखेर अहवाल वाचायचा, जमा-खर्च मांडायचा, सभासदांनी प्रश्न विचारायचे. गावातल्या सोसायटीचा किंवा डेअरीचा छापील अहवाल मिळाला तर उत्तमच. आपल्याकडे सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणून चहा घेऊन उठायची सवय आहे. मुलांना निदान एक प्रश्न विचारायची सवय लागू द्या.

एक काळजी

कर्जाचे पासबुक वर्गात आणायला सांगू नका. कुणाच्या घरी थकबाकी असेल तर ते मूल मान खाली घालून बसेल. दुधाच्या पावतीवरही नाव, खाते क्रमांक झाकायचा. कर्जासाठी वरच्यासारखी आकडेवारी आपण तयार करून द्यावी.

मोठ्यांनाही पुढे शिकायचे असेल तर सोयी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिका मराठीत मिळतात. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत शिकवतात. बचत गटांसाठी 'उमेद' अभियानाचे कार्यकर्ते तालुक्याला असतात.

पालकहो, आज संध्याकाळी एवढेच करा. तारेवरची एक पावती काढा, मुलाला शेजारी बसवा आणि म्हणा, वाच बरं, काय लिहिलंय? त्याला नाही आले तर दोघे मिळून डेअरीत जाऊन विचारा. विचारायचा आपला हक्क आहे, कारण संस्था आपली आहे.