सामायिक आधार आणि बदलाची शिस्त

संगणकावर चालणारी आज्ञावली सहसा एकटी नसते. पत्रे लिहिण्याची आज्ञावली असो, छायाचित्रे पाहण्याची असो अथवा बँकेशी व्यवहार करण्याची असो, तिच्या कामातील बराच मोठा भाग तिने इतरांकडून घेतलेला असतो. चित्र उलगडून दाखविणे, मजकूर गुप्त लिपीत बदलणे, दिनांक व वेळ सांगणे ही कामे प्रत्येक लेखकाने नव्याने लिहून काढावीत, असे कोणी म्हणणार नाही. ती एकदा नीट लिहून ठेवायची आणि ज्याला हवी त्याने तेथून घ्यायची, अशी प्रथा पडली आहे. अशा सामायिक संग्रहाला संगणकाच्या व्यवहारात ‘लायब्ररी’ म्हणतात. आज्ञावली किंवा लायब्ररी वितरणासाठी ज्या रूपात बांधली जाते, ते ‘पॅकेज’ होय. पॅकेजावर त्याचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि ते चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे लागतात, याची नोंद असते.

या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला जाणारा गंभीर दोष उघडकीस आला. गुप्त संदेशवहनासाठी असंख्य आज्ञावल्या या एकाच लायब्ररीवर विसंबून होत्या. ज्या यंत्रावर ती सामायिक रूपात बसविलेली होती, तेथे ते एक पॅकेज बदलून आज्ञावल्या पुन्हा सुरू करताच त्या सर्वांना दुरुस्ती मिळाली.

परंतु ज्या वाटेने दुरुस्ती पोहोचते, त्याच वाटेने बिघाडही पोहोचतो. जावास्क्रिप्ट भाषेतील पॅकेजांचे ‘एनपीएम’ नावाचे मोठे भांडार आहे. २२ मार्च २०१६ रोजी एका लेखकाने नावावरून झालेल्या वादानंतर आपली पॅकेजे तेथून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूला ठराविक संख्येने मोकळी अक्षरे भरणे, एवढेच त्याचे काम. पण ते ज्यांना लागत होते ती पॅकेजे इतर पॅकेजांना लागत होती. परिणामी, ज्यांनी लेफ्ट-पॅडचे नावही ऐकले नव्हते अशा लोकांची कामे जगभर अडून पडली. भांडाराच्या चालकांना काही तासांतच ते पॅकेज परत आणावे लागले आणि पुढे पॅकेज मागे घेण्याच्या मुभेवर बंधने घालावी लागली.

यावरून प्रश्न उभा राहतो तो असा : सामायिक आधार बदलला नाही तर तो जुना व सदोष होत जातो, बदलला तर त्यावर उभे असलेले कोसळू शकते. मग तो बदलायचा कसा? याचे उत्तर जाणण्यासाठी प्रथम मोडते ते काय, हे पाहिले पाहिजे.

दोन करार

लायब्ररी आणि तिचा वापर करणारी आज्ञावली यांच्यात दोन पातळ्यांवर करार असतो. पहिला करार मूळ संहितेच्या पातळीवरचा. लायब्ररीतील कोणते काम कोणत्या नावाने मागायचे आणि त्यास कोणती माहिती पुरवायची, हे त्यात ठरलेले असते. लायब्ररीच्या लेखकाने एखादे नाव काढून टाकले, तर ते नाव वापरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीची संहिता हाताने दुरुस्त करावी लागते.

दुसरा करार यंत्राच्या पातळीवरचा असून तो डोळ्यांना दिसत नाही. माणसाने लिहिलेल्या संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर होते, म्हणजेच तिची बांधणी होते, तेव्हा कोणती माहिती स्मृतीत कोठे ठेवायची आणि ती किती जागा व्यापील, हे कायम होऊन जाते. छापील अर्जाच्या चौथ्या रकान्यात वय लिहायचे असे ठरलेले असताना कचेरीने परस्पर त्या रकान्यातील आकड्याला उत्पन्न मानण्यास सुरुवात केली, तर अर्जदार आणि कारकून दोघेही आपापल्या परीने बरोबर असूनही निर्णय चुकेल. यंत्राच्या पातळीवरचा करार मोडतो तेव्हा असेच होते. आज्ञावली कधी बंद पडते. कधी चालू राहते आणि निमूटपणे चुकीचे उत्तर देते. हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. येथे संहिता बदलण्याची गरज सहसा नसते. नव्या लायब्ररीसमोर आज्ञावलीची पुनर्बांधणी केली की पुरे. मात्र ती प्रत्येक अवलंबित पॅकेजाची व्हावी लागते.

नावात काय असते

या दुसऱ्या धोक्यावर योजलेला उपाय साधा आहे. सामायिक लायब्ररीच्या नावातच कराराचा क्रमांक गुंफायचा. आज्ञावलीची बांधणी होताना तिच्यात हे क्रमांकासहित नाव कोरले जाते. लायब्ररीत किरकोळ दुरुस्ती झाली आणि करार अबाधित राहिला, तर क्रमांक तोच राहतो. करार मोडणारा बदल झाला, तर लेखकाने क्रमांक वाढवायचा. मग पहिल्या क्रमांकाची मागणी करणाऱ्या आज्ञावलीला दुसऱ्या क्रमांकाची लायब्ररी चुकूनही दिली जात नाही. दोन्ही क्रमांक एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी नांदू शकतात, आणि जुन्याकडून नव्याकडे जाण्यास अवधी मिळतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रमांक वाढविणे ही केवळ सूचना आहे. अवलंबित पॅकेजांना नव्या क्रमांकावर आणण्याचे काम त्याने होत नाही. त्यासाठी कोणीतरी सर्वांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ कसा घातला जातो, हे पाहण्यासाठी ‘डेबियन’ या वितरणाचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

पाळीची व्यवस्था

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवितात. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. अनेक वितरणे डेबियनच्या पायावर उभी आहेत. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही त्यांपैकीच एक. म्हणून डेबियनमध्ये झालेला मेळ किंवा राहिलेला घोळ पुढे दूरवर पोहोचतो.

डेबियनमध्ये पॅकेज एकदम सर्वसामान्य वापरात येत नाही. नवी आवृत्ती ‘अस्थिर’ शाखेत येते. तेथून ‘चाचणी’ शाखेत जाते. आणि चाचणी शाखा पुरेशी पक्व झाली की तिचीच ‘स्थिर’ आवृत्ती म्हणून घोषणा होते. अस्थिर शाखेतून चाचणी शाखेत जाण्याचा निर्णय ‘ब्रिटनी’ नावाची एक आज्ञावली करते. ती मुख्यतः तीन गोष्टी पाहते : पॅकेजाने ठरलेले दिवस अस्थिर शाखेत काढले आहेत काय, त्यात नवा गंभीर दोष आढळला आहे काय, आणि ते आत घेतल्याने चाचणी शाखेतील दुसरे एखादे पॅकेज बसविता न येण्याजोगे होईल काय. तिसरी अट आपल्या विषयाचे मर्म होय. एखादी लायब्ररी स्वतः कितीही निर्दोष असली, तरी तिच्यामुळे शेजारी निराधार होत असेल तर तिला दारातच थांबावे लागते. तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे तयार झाली की तो सारा समूह एकत्र आत घेता येतो.

करार मोडणाऱ्या अशा बदलाला तेथे ‘संक्रमण’ म्हणतात. त्याची रीत ठरलेली आहे. लायब्ररीचा सांभाळकर्ता नवी आवृत्ती प्रथम ‘प्रायोगिक’ शाखेत ठेवतो. तेथे तिच्यावर कोणी विसंबून नसल्याने काही बिघडत नाही. मग तो अवलंबित पॅकेजांची यादी काढतो, त्यांची नव्या लायब्ररीसमोर बांधणी करून पाहतो आणि जी अडतात त्यांच्या सांभाळकर्त्यांना दोषाची नोंद पाठवितो. शक्य तर दुरुस्तीही सोबत देतो. त्यानंतर तो प्रकाशन-गटाकडे पाळी मागतो. गटाने होकार दिल्यावरच नवी आवृत्ती अस्थिर शाखेत येते आणि नुसत्या पुनर्बांधणीने भागणारी पॅकेजे गटाच्या सूचनेवरून यंत्रांकडून पुन्हा बांधून घेतली जातात.

पाळी कशासाठी, असे कोणी विचारील. समजा, दोन लायब्रऱ्यांची संक्रमणे एकाच वेळी चालू आहेत आणि एक आज्ञावली त्या दोहोंवर अवलंबून आहे. तिची पुनर्बांधणी होताच ती दोन्ही नव्या लायब्रऱ्यांना बांधली जाते. आता पहिले संक्रमण दुसरे पूर्ण झाल्यावाचून पुढे सरकत नाही, आणि दुसऱ्यात कोठे एखादे पॅकेज अडले तर दोन्हीही खोळंबतात. अशी तीन-चार संक्रमणे एकमेकांत गुंतली की गाठ सोडविणे दुष्कर होते. पाळीमुळे ही गाठ बसण्याआधीच टळते. स्थिर आवृत्तीची वेळ जवळ आली की नवी संक्रमणे हाती घेणे बंद केले जाते, तेही याच कारणाने.

दोन संक्रमणे

संहितेच्या करारातील बदलाचे उत्तम उदाहरण ओपनएसएसएलच्याच १.१.० या आवृत्तीचे. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या या आवृत्तीने लायब्ररीतील माहितीच्या रचना बाहेरच्यांना अदृश्य केल्या. तोवर अनेक आज्ञावल्या त्या रचनांत थेट हात घालून आपले काम करून घेत असत. हेतू दूरदृष्टीचा होता. आतील रचना झाकल्यामुळे पुढे ती कोणालाही न दुखविता बदलता येणार होती. पण तात्पुरता खर्च मोठा होता, कारण पुष्कळ आज्ञावल्यांची संहिता हाताने बदलावी लागणार होती. सर्वांना ते वेळेत साधले नाही. म्हणून जून २०१७ मध्ये आलेल्या डेबियनच्या नवव्या आवृत्तीत जुनी व नवी अशा दोन्ही लायब्रऱ्या ठेवण्यात आल्या. जुनी वगळली गेली ती जुलै २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत. दोन प्रती सांभाळायच्या म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही दोनदा करायच्या. अवलंबितांना दिलेल्या अवधीची ही किंमत होती.

दुसरे उदाहरण यंत्राच्या करारातील बदलाचे आहे. युनिक्स परंपरेतील संगणक १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत वेळ मोजतात. ही संख्या ३२ अंकस्थानांत साठविली, तर तिची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी येते; आणि भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती संपते. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये जाऊन पडते. उपाय एकच : वेळेसाठी ६४ अंकस्थाने वापरणे. ३२ अंकस्थानी यंत्रांवर तशी सोय ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीने ऑगस्ट २०२१ मधील २.३४ या आवृत्तीत करून दिली.

पण सोय होणे निराळे आणि सर्वांनी एकदम ती स्वीकारणे निराळे. ज्या लायब्ररीच्या करारात वेळेचा उल्लेख आहे, तिची पुनर्बांधणी झाली आणि तिला हाक मारणारी आज्ञावली मात्र जुनीच राहिली, तर एकजण चार बाइट देतो व दुसरा आठ वाचतो. शिवाय येथे मूळ संहितेत एका अक्षराचाही बदल नव्हता. त्यामुळे लायब्ररीच्या लेखकांनी क्रमांक वाढविलेला नव्हता. फायलींची नावे तीच राहिल्याने जुनी व नवी शेजारी ठेवण्याची वाटही बंद होती. तेव्हा डेबियनच्या कार्यकर्त्यांनी शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांच्या नावांपुढे ‘टी६४’ हा प्रत्यय जोडला आणि जुन्या नावाच्या पॅकेजासोबत ते बसू नये अशी नोंद केली. ६४ अंकस्थानी यंत्रांवर मुळात काही बदलत नव्हते. तेथे नवे पॅकेज जुन्या नावाची मागणीही पुरविते, असे नमूद करण्यात आले, म्हणजे त्या बाजूचे काम अडू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ही नवी पॅकेजे प्रथम प्रायोगिक शाखेत आली व त्यानंतर अस्थिर शाखेत. रेल्वेचा एखादा विभाग मीटर गेजवरून ब्रॉड गेजवर नेताना मधल्या काळात तेथून गाडी जात नाही. तशीच अवस्था ३२ अंकस्थानी एआरएम यंत्रांच्या अस्थिर शाखेची काही काळ झाली. काही पॅकेजांच्या बांधणीसाठी एकमेकांचीच गरज होती. ती चक्रे हाताने तोडावी लागली. मात्र हा सारा खोळंबा अस्थिर शाखेच्या कुंपणात राहिला. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी तेरावी आवृत्ती आली ती ६४ अंकस्थानी वेळ घेऊनच.

नोंदीबाहेरचे

या यशाला एक अपवाद मुद्दाम ठेवण्यात आला होता. ३२ अंकस्थानी इंटेल पद्धतीच्या यंत्रांसाठीची पॅकेजे या संक्रमणातून वगळण्यात आली. तो संच आज प्रामुख्याने जुन्या, बांधून तयार असलेल्या आज्ञावल्या चालविण्यासाठी राखलेला आहे. त्यांची मूळ संहिता पुष्कळदा उपलब्ध नसते, त्यांची पुनर्बांधणी करता येत नाही आणि करार बदलताच त्या बंद पडल्या असत्या. आज त्या चालाव्यात यासाठी २०३८ चा प्रश्न त्यांच्यापुरता तसाच सोडावा लागला.

येथे मेळ घालण्याच्या या पद्धतीची मर्यादा दिसते. जे अवलंबित भांडारात नोंदलेले आहेत आणि ज्यांची संहिता हाताशी आहे, त्यांनाच ती सांभाळू शकते. एखाद्या कारखान्यातील नियंत्रक यंत्र किंवा कार्यालयासाठी पूर्वी कोणाकडून करून घेतलेली हिशेबाची आज्ञावली कोणत्याच यादीत नसते. तिच्या सांभाळकर्त्याला कोणी नोटीस पाठवू शकत नाही. म्हणून अशी आज्ञावली बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने दोन गोष्टी जपल्या पाहिजेत : तिची मूळ संहिता, आणि ती कोणकोणत्या लायब्रऱ्यांवर उभी आहे याची यादी. ३२ अंकस्थानी यंत्रांवर चालणाऱ्या अशा आज्ञावल्यांच्या बाबतीत हे काम जानेवारी २०३८ पूर्वी व्हावयास हवे. संहिता हाती असेल तर पुष्कळदा नुसती पुनर्बांधणी पुरेल. ती नसेल, तर तेच काम मुळापासून नव्याने लिहून घेण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.