तक्ता पाठ करून माणूस कळतो का?

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका विभाग सांभाळते. नुकतंच आमच्याकडे ‘सांस्कृतिक सक्षमता’ या विषयावर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शेवटी प्रत्येकीच्या हातात एक तक्ता दिला : कोणत्या समाजाचे लोक काय खातात, काय वर्ज्य मानतात, दुखणं कसं बोलून दाखवतात. हा तक्ता पाठ केला की आम्ही सक्षम झालो का?

उत्तर : नाही. तक्त्यावरच विसंबलात, तर रुग्णाला इजाही होऊ शकते. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी 1998 मध्ये लिहिलेल्या एका लेखात असाच प्रसंग आहे. शस्त्रक्रियेला काही तास झालेली एक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, बाई खाटेवर कण्हत होती. तिथं आलेले डॉक्टर परिचारिकेला म्हणाले, हिला फार दुखतंय असं दिसतं. परिचारिकेनं ते उडवून लावलं. या लोकांना दुखणं वाढवून सांगायची सवय असते, हे ती अभ्यासक्रमात शिकली होती. डॉक्टर स्वतः लॅटिनो होते, तरी तिनं त्यांना काही विचारलं नाही. शिकलेल्या माहितीमुळे समोरचं कण्हणं तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तुमच्या तक्त्यातल्या ‘दुखणं कसं बोलून दाखवतात’ या रकान्याची मला म्हणूनच धास्ती वाटते. तो रकाना आजच खोडा.

मग करायचं काय? विचारायचं. मानववंशशास्त्राचा अभ्यास असलेले मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सहकाऱ्यांसह 1978 मध्ये रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले. तुमच्या मते हे दुखणं कशामुळे झालं? ते नेमकं याच वेळी का सुरू झालं असेल? कोणते उपचार व्हायला हवेत असं तुम्हाला वाटतं? या आजारात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कोणाच्या जातीधर्माची आगाऊ माहिती यासाठी लागत नाही. उत्तर ऐकून घ्यायची तयारी मात्र लागते, आणि गर्दीच्या ओपीडीत ती ठेवणं किती जड आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

हे प्रश्न वेळेवर विचारले नाहीत तर काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावी दिसलं. लिया ली ही लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग समाजातल्या दांपत्याची मुलगी, जन्म 1982 चा. ती तान्ही असताना बहिणीनं दार धाडकन लावलं आणि लियाला झटका आला. दाराच्या आवाजानं घाबरून तिचा आत्मा निघून गेला, अशी आईवडलांची खात्री झाली. रुग्णालयात ह्मोंग बोलणारा दुभाषी नव्हता. पहिल्या दोन्ही वेळी झटका ओसरल्यावर ती तिथं पोचली आणि डॉक्टरांनी छातीचा संसर्ग समजून औषध दिलं. पुढे अपस्माराचं निदान झालं. मग चार वर्षांच्या आत औषधयोजना 23 वेळा बदलली. औषध फार दिवस घेऊ नये, असं आईवडलांना वाटत होतं. त्यामुळे औषधं नियमित पोटात जात नव्हती. डॉक्टरांनी तक्रार केली आणि 1985 मध्ये मुलीला घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलं. ती परत आली, पण 1986 च्या अखेरीस मोठा झटका आला आणि ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. घरच्यांनी तिला 2012 पर्यंत, तिच्या मृत्यूपर्यंत, घरी जिवापाड सांभाळलं. ॲन फॅडिमन यांनी 1997 च्या पुस्तकात हे सगळं मांडलं आहे. त्यातले डॉक्टर कष्टाळू आणि सज्जन आहेत, म्हणूनच ते वाचवत नाही. उपचार किती दिवस चालावेत असं तुम्हाला वाटतं, एवढं दुभाष्यामार्फत सुरुवातीला विचारलं असतं, तरी खरा अडसर पुढ्यात आला असता.

इथं एक गोष्ट तुमच्यापेक्षा तुमच्या व्यवस्थापनाला सांगायला हवी. दुभाषी नेमणं एकट्या परिचारिकेच्या हातात नसतं. माणूस कितीही समंजस असला, तरी इमारत, वेळा आणि नियम परके राहिले, तर रुग्णाला परकंच वाटतं.

हे परकेपण दूर करण्याचं उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. तिथं आमचा देव नाही. ही उत्तरं ऐकून ‘यांचं प्रबोधन करायला हवं’ असं म्हणणं सोपं होतं. बंग दांपत्यानं दवाखानाच बदलला. संस्थेच्या शोधग्राम या आवारात तो आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या रूपात उभा राहिला, नातेवाइकांना सोबत राहता येऊ लागलं, आणि लोकांच्या इच्छेनं त्याला त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं, नाव मिळालं. मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की औषधं आणि शस्त्रक्रिया यांत तडजोड झाली नाही. बदललं ते ज्याच्यावाचून उपचार अडत नव्हते ते.

तुमच्या विभागात तसं काय काय आहे, ते शोधा. भेटीच्या वेळा कोणी आणि कशासाठी ठरवल्या? संमतीपत्रक रुग्णाला कळेल अशा भाषेत कोण समजावून सांगतं? सोबत आलेल्या शाळकरी मुलाला दुभाषी करत असाल, तर ते ताबडतोब थांबवा. आईच्या गर्भाशयाच्या आजाराबद्दल मुलानं डॉक्टरांशी बोलायचं, यात दोघांचीही फरफट होते आणि अर्धी माहिती दडपली जाते. रुग्ण दाखल होताना भरायच्या फॉर्ममध्ये क्लाइनमन यांचे दोन प्रश्न घाला : दुखणं कशामुळे झालं असं वाटतं, आणि भीती कशाची वाटते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सहकाऱ्यांबद्दलही लिहितो. महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिका आहेत, ईशान्येकडच्याही असतात. त्या आपसांत मल्याळम बोलल्या की वॉर्डात नाकं मुरडली जातात; ते थांबवणं प्रमुख म्हणून तुमचं काम आहे. रुग्णासमोर त्याला कळेल अशी भाषा हवी, हा नियम सगळ्यांनाच लावा, आणि चहाच्या वेळी ज्याला जी हवी ती बोलू द्या. ओणम, नाताळ, बिहू यांच्या तारखा ड्युटी लावण्याआधी विचारून घ्या. ड्युटी लागून गेल्यावर आलेला रजेचा अर्ज प्रत्येकालाच अडचण वाटतो.