गारपिटीनंतरचा एप्रिल

२०१४च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारा पडल्या. त्यात निफाड तालुक्यातली आमची द्राक्षबागही झोडपली गेली. माल उतरायला आलेला, व्यापारी भाव ठरवून गेलेला. ‘संकटात संधी’ म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. तरी त्या वर्षानं काही शिकवलं, ते असं.

१. आधी वेल बघा, मग घड.
मणी फुटले की बागेत आंबट वास सुटतो आणि माणूस त्या वासातच अडकून पडतो. इकडे काड्यांवरच्या जखमांतून बुरशी शिरत असते. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटके घड उतरवायला लावले आणि फवारणीचा पंप सुरू केला.

२. पुढचं पीक याच उन्हाळ्यात ठरतं.
द्राक्षाच्या दोन छाटण्या: एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी. घड दिसतात ते गोडी छाटणीनंतर. पण काडीच्या डोळ्यांत ते तयार होतात खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत. तेव्हा पाणी, खत, फुटींची विरळणी चुकली की ऑक्टोबरात नुसता पाला निघतो. आणि बागेचं तोंडही बघू नये असं वाटतं, ते दिवस नेमके हेच! ओळखीतल्या काहींनी त्या उन्हाळ्यात बाग वाऱ्यावर सोडली. त्यांचं दुसरंही वर्ष गेलं, आणि त्याला गारा कारण नव्हत्या. मी मन लागण्याची वाट पाहिली नाही. छाटणीपासूनचे दिवस वहीत मोजायचे आणि त्या दिवसाचं काम उरकायचं, एवढंच. पावसाळ्यात काडी तपासणीला दिली, डोळ्यांत घड असल्याचा अहवाल आला, तेव्हा कुठे घरात पुन्हा मोठ्यानं बोलणं सुरू झालं.

३. थकबाकीची लाज बाळगू नका.
कर्जाचं पुनर्गठन मागायला जाताना मी गावातला रस्ता टाळून मागच्या वाटेनं गेलो. पोचलो, तर तिथे रांगेत निम्मं गाव उभं होतं.

४. विम्याचे कागद नीट वाचा.
फळपीक विम्यात गारपिटीसाठी वेगळा जादा हप्ता असतो, आणि नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवावं लागतं. रडायचं त्यानंतर.

५. सांत्वनाला येणाऱ्यांत काम घेऊन येणारा ओळखा.
चहा पिऊन, हळहळून जाणारे पुष्कळ आले. सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळीचा मुकादम आला तो म्हणाला, “भाऊ, खरड लवकर घेऊन टाका, आम्ही रिकामेच आहोत.” आमच्या बागेचा पंचनामा झाला होता, त्यांच्या बुडालेल्या तोडणीच्या मजुरीचा कुणी केला नव्हता. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आता हंगामाआधी व्यापाऱ्याकडून विसार घेतला, की त्यातून आधी टोळीची उचल बाजूला काढतो.