कोण? आणि काय केले?

मागच्या धड्यात आपण नाम म्हणजे काय ते पाहिले. आज सर्वनाम आणि क्रियापद पाहू.

मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली प्रसिद्ध केले. पण व्याकरण म्हणजे नुसता शाळेतल्या पोरांचा अभ्यास नव्हे. ते आपल्या शेताशी येऊन भिडते. कसे ते पाहा.

समजा, भिवंडी तालुक्यातल्या दिघाशी गावी एका शेतकऱ्याला पैशाची नड लागली. त्याच्यापुढे दोन कागद आले. एकात लिहिले आहे :

‘मी माझे शेत तुमच्याकडे गहाण ठेवले.’

दुसऱ्यात लिहिले आहे :

‘मी माझे शेत तुम्हाला विकले.’

नावाच्या ऐवजी येतो तो शब्द सर्वनाम. मी, तू, तो, ती, आम्ही, तुम्ही ही सर्वनामे. अशा कागदात आरंभी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची नावे असतात. लिहून देणारा तो ‘मी’. लिहून घेणारा तो ‘तुम्ही’. म्हणून ‘मी’ दिसला की विचारावे, हा मी कोण?

काय केले हे सांगून वाक्य पुरे करतो तो शब्द क्रियापद. वरच्या वाक्यांत ‘ठेवले’ आणि ‘विकले’ ही क्रियापदे. गहाण ठेवलेले शेत कर्ज फेडून सोडवता येते. विकलेले शेत दुसऱ्याचे झाले. एका शब्दाने मालक बदलला!

इंग्रजीतही असेच आहे. ‘आय’ म्हणजे मी, ‘ही’ म्हणजे तो, ‘शी’ म्हणजे ती. ‘यू’ मात्र तू आणि तुम्ही या दोघांनाही चालतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते मध्ये येते : ‘आय सेल लँड’, म्हणजे ‘मी जमीन विकतो’. मराठीत नुसते ‘विकते’ म्हटले तरी बाई विकते आहे हे कळते. इंग्रजी ‘सेल’वरून ते कळत नाही. म्हणून इंग्रजीत सर्वनाम सहसा गाळत नाहीत.

कागद मराठी असो की इंग्रजी, सही करण्याआधी दोन शब्दांवर बोट ठेवा. एक सर्वनाम, एक क्रियापद. दोन्ही नीट उमजेपर्यंत सही नको, अंगठाही नको.

अभ्यास : सर्वनाम आणि क्रियापद ओळखा.
१. ती तांदूळ निवडते.
२. आम्ही भात विकला.
३. तुम्ही कर्ज फेडले.