अर्धवट जतन झालेली फाइल

प्रश्न : ब्लेंडरमधील प्रकल्प जतन होत असतानाच वीज गेली, आता फाइल उघडत नाही. उपाय काय?

उत्तर : लेखन अपुरे राहिल्याने फाइलीची रचना भंगली असावी, तथापि हताश होण्यापूर्वी त्याच फोल्डरात '.ब्लेंड१' अशा अंत्यनामाची प्रत शोधावी, कारण प्रत्येक जतनाच्या वेळी ब्लेंडर मागील आवृत्ती त्या नावाने राखून ठेवतो. ती प्रथम अन्यत्र उतरवून घ्यावी, मगच अंती असलेला १ पुसून उघडावी. तीही निरुपयोगी ठरल्यास 'रिकव्हर'खालील 'ऑटो सेव्ह' पाहावे. मूळ योजनेनुसार दर २ मिनिटांनी तेथे प्रत पडते. यापुढे मात्र रोज नव्या क्रमांकाने जतन करून एक प्रत बाह्य डिस्कवर व दुसरी घराबाहेर ठेवण्याचा शिरस्ता पाळावा, आणि त्या प्रती अधूनमधून उघडून तपासाव्यात.