परसातील कारल्याचा वेल



सावरगाव परिसरात आपण संत्र्याच्या झाडाला जेवढे जपतो, तेवढे परसातल्या वेलाला जपत नाही. मग कारली किडतात आणि भाजी विकत आणावी लागते.

लागवड : पावसाच्या सुरुवातीला बी रात्रभर भिजवून लावावे. आळ्यात चांगले कुजलेले शेणखत घालावे. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून आळे थोडे उंचावर करावे. वेल हातभर झाला की मांडवावर चढवावा. मांडवावर वारा खेळतो व पाने लवकर सुकतात, त्यामुळे रोग कमी येतो.

रोग : पानावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. वरून पिवळे ठिपके व खालून करडी बुरशी असेल तर तो केवडा. अशी पाने सुरुवातीलाच तोडून जाळावी. पाणी बुडाशी द्यावे, पानांवर नको.

फळमाशी : ही माशी कोवळ्या कारल्यात अंडी घालते. किडकी फळे उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांतील अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात. फळे रोज वेचून हातभर खोल पुरावी. कापसावरचे विषारी औषध घरच्या भाजीवर कधीही मारू नये.

आरोग्य : कारल्याने रक्तातील साखर थोडी उतरू शकते, पण म्हणून मधुमेहाची गोळी सोडू नये. गोळीबरोबर रोज रस घेतल्यास साखर जास्त उतरून घाम, थरथर व चक्कर येऊ शकते. रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. भाजी मात्र खुशाल खावी.